बेडकीची किल्ली

तरणतलावावरच्या सगळ्या मुली तिला ताई म्हणत. खेळाडूंच्या मनाचा तिने रीतसर अभ्यास केला होता, म्हणून क्लबाने तिला नेमलं होतं. कपडे बदलायच्या खोलीला लागून एक ओलसर खोली होती. तिथे मुली एकेक करून बसत आणि आपण का पोहतो ते सांगत. एकीला मोठ्या बहिणीची जिरवायची होती. दुसरीने सरळ सांगून टाकलं, "घरी असले की आई अभ्यासाला बसवते."

बेडकी मात्र महिनाभर तोंड उघडेना. तेरा वर्षांची, किडकिडीत पोर; ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तिचे पाय असे काही उडत की मैत्रिणींनीच हे नाव पाडलेलं. मग एक दिवस केस पुसता पुसता म्हणाली, "पाण्यात डोकं घातलं ना ताई, की बाबांचं ओरडणं कानात राहत नाही. आईला मारतात ना, ते."

ताईने तिला जवळ घेतलं.

"कुणाला सांगू नका हं."

"अजिबात नाही," ताई म्हणाली. आणि त्या क्षणी तिला ते खरंच वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात क्लबाची बैठक झाली. प्रशिक्षक सर खुर्चीत रेलून म्हणाले, "काय ताई, या महिन्यात किती मनं धुवून वाळत घातलीत?" सगळे खो खो हसले. ताईची कानशिलं तापली. आपण काही फुकट बसत नाही हे दाखवायच्या नादात तिने बेडकीचं सगळं सांगून टाकलं, वर दोन जड शब्दही पेरले. सरांचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे मात्र कामाचं बोललात!" त्या दिवशी ताई तरंगतच घरी गेली.

निवड स्पर्धेच्या दिवशी ताई टॉवेल घेऊन बेडकीच्या मागेच उभी होती. शिट्टी व्हायला काही क्षण उरले असताना सर वाकले आणि पोरीच्या कानाशी लागले. ताईला स्पष्ट ऐकू आलं.

"बाबा मागे आलेत. पळ."

बाप त्या इमारतीतसुद्धा नव्हता. पण बेडकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पोहली ती जीव मुठीत धरून. आपली आजवरची सर्वोत्तम वेळ तिने तीन सेकंदांनी मोडली, काठावर आली आणि जाळीच्या गटारावर वाकून भडाभडा ओकली.

सर केळं सोलत होते. "बघितलंत? प्रत्येकाची एक किल्ली असते. तुम्ही शोधलीत, मी फिरवली." त्यांनी केळ्याने चिकट झालेल्या हाताने ताईचा खांदा थोपटला. तिने खांदा मागे घेतला.

"अहो, पोर भीतीने पोहली!"

"भीतीने पोहली काय नि आनंदाने काय, घड्याळाला कळतं का?" तोंडात घास तसाच होता. "आणि तुम्हाला आत्ताच बरा पुळका आला!"

खांदा नळाखाली धरून ताईने तीनदा धुतला. पण किळस जाईना, कारण ती सरांपुरती नव्हतीच.

बेडकी बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ताई समोर जमिनीवर बसली.

"सरांना मी सांगितलं."

"का?"

काहीतरी शहाण्यासारखं सांगता आलं असतं. "ते मला हसले होते," ताई म्हणाली. "मला शाबासकी हवी होती."

बेडकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. गटाराच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बघावा तसं. "शी!" एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून चालू लागली.

त्याच संध्याकाळी ताई बेडकीच्या आईला तिच्या कचेरीबाहेर गाठून सगळं बोलली, स्वतःची चूकही. आई पर्सचा पट्टा चाचपू लागली. "मला वाटायचं, तिला काही ऐकू जात नाही," ती म्हणाली. आठवड्याभरात मायलेकी मावशीकडे राहायला गेल्या.

ताईने क्लबाच्या समितीकडे सरांची लेखी तक्रार केली. समितीने पदकं बघितली, सरांना ठेवलं आणि ताईला नारळ दिला. बेडकीने पोहणं सोडलं. आता ती शाळेच्या संघातून पळते म्हणे. ताई रस्त्यात दिसली की मात्र ती अजूनही बाजू बदलते, आणि ताई तिला हाक मारत नाही.