गावपळणीत मागे राहिलेला राखणदार

ते २००९ साल होतं. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण मला पडदा नाही की कळफलक नाही. करड्या पत्र्याची पेटी, मागे दोन तारा आणि पुढे एक हिरवा दिवा, एवढंच माझं रूप. माझ्यासारख्याला माणसं फायरवॉल म्हणतात. आचऱ्याच्या खाडीपलीकडच्या एका लहान गावात, सारिकाच्या संगणक केंद्रात, मी पहारेकरी होतो.

त्याआधी मालवणच्या एका कचेरीत मी पत्रं छापत असे. नवे संगणक आले आणि मला कोपऱ्यात टाकलं. माझ्या पोटात झुरळांनी संसार थाटला. संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रितेशने मला तिथून उचललं, धूळ फुंकली आणि नवं काम शिकवलं. केंद्रातल्या तीन संगणकांपैकी कोणीही बाहेरचं काही मागितलं, की ते मागणं माझ्यातून जाई. ज्याला मनाई असेल, त्याला मी परत फिरवी.

सारिकाच्या सासूने, सुगंधाने, पहिल्याच दिवशी माझ्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीवर न दिसणारा एक राखणदार असतो. ती म्हणाली, "त्यो भायलो, ह्यो भितरलो."

सुगंधाचा मुलगा अजय, म्हणजे सारिकाचा नवरा, मालवाहू जहाजावर होता. त्याच्या कंपनीचं इंटरनेटवर एक पान होतं. जहाज कुठे आहे आणि खलाशांचे निरोप काय, ते त्यावर दिसे. रोज संध्याकाळी सुगंधा ते पान बघायला येई. जहाजाच्या ठिपक्यावर बोट टेकवी आणि तेच बोट कपाळाला लावी.

त्या कार्तिकात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तिसऱ्या संगणकाची खुर्ची रिकामी असे, तरी दिवेलागणीला तो आपणहून एक नाव मागू लागला. इंटरनेटवरच्या कुठल्याशा ठिकाणाचं लांबलचक, निरर्थक नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी झोपेत बडबडतंय.

प्रितेशने तपासलं. कोणीतरी परक्याने आत एक चोरटा प्रोग्रॅम घुसवला होता. इथे जे टाइप होई, ते सगळं तो त्या नावाकडे पाठवू बघे. प्रितेशने कितीदा साफ केलं, तरी तो परत येई. मग त्याने मला त्या नावाचा पत्ता दिला आणि अडवायला सांगितलं. मी अडवला. दुसऱ्या संध्याकाळी तेच नाव दुसऱ्या पत्त्यावर निघालं. तिसऱ्या संध्याकाळी आणखी कुठे.

"ह्यो तर चकवो," सारिका म्हणाली. "आज हय, उद्या थंय."

"चकवो नाय गो वयनी, क्लाउड म्हणतत तेका. एका मोठ्या कंपनीची हजारो भाड्याची घरां. एकेका घरात पन्नास बिऱ्हाडां. ह्यो रोज घर बदलता."

"मगे?"

"मगे काय, आख्खी वाडीच बंद करतंय."

"थंय आमचो कोण रवता काय, ता तरी बघ."

"तुमचो कोण रवतलो थंय? सगळे परके."

त्याने त्या वाडीचे सगळे पत्ते मला दिले आणि तो मालवणला निघून गेला. अजयच्या कंपनीने आपलं पान त्याच वाडीत राहायला नेलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्या संध्याकाळी सुगंधा आली, तेव्हा पान उघडलं नाही. सारिकाला वाटलं, कंपनीचंच काही बिघडलंय.

आणि दुसऱ्या दिवशी गावपळण होती.

मित्रांनो, आमच्या त्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यामांजरांसकट वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. घरात दिवा नाही, चूल नाही. त्या दिवसांत गाव कोणाचा असतो, ते कोणी मोठ्याने बोलत नाही.

सगळे निघाले, पण सुगंधा केंद्रातल्या बाकावरून उठेना. "माज्या झिलाची खबर नाय. मी येवचंय नाय."

गावचे मानकरी परशुराम दारात उभे राहिले. "सुगंधा, गाव भायर पडता तेव्हा एकटो कोण मागे रवत नाय. रवलो, तर मगे तो गावचो रवत नाय." मग त्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "आणि ह्येचो दिवो कित्याक जळता?"

"रवांदे काका," सारिका म्हणाली. "पान उघडला तर आल्याबरोबर कळात. कोंबड्यासारखो तो काय जीव न्हय."

"खाता काय?"

"करंट."

"आणि उपाशी ठेवलो तर मरता?"

"नाय. झोपता."

"माज्या जावयासारखो," परशुराम म्हणाले. "रवांदे. पण उजेड दिसता नये."

तेव्हा कुठे सुगंधा हसली आणि उठली. सारिकाने पहिला संगणक चालू ठेवला, तो थोड्या थोड्या वेळाने अजयचं पान आपणहून मागत राहील असा. तिसऱ्याची विजेची वायर भिंतीतून काढून टेबलावर ठेवली. आम्हा दोघांवर पोती टाकली आणि कुलूप लावलं.

पोत्याखाली मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. कोंबडा आरवला नाही. कळशी वाजली नाही. दुपारी झावळ गळून पडली, तर ती गावभर ऐकू गेली. पहिला संगणक पुन्हा पुन्हा अजयचं पान मागत होता आणि मी त्याला परत फिरवत होतो. संध्याकाळी ते दुसरं, निरर्थक नावही आलं. ते तिसऱ्या संगणकाच्या तारेवरून आलं. त्याची वायर टेबलावर होती. तरी आलं.

एक मागणं आईचं, एक परक्याचं. मला नाव नव्हे, पत्ता बघायला शिकवलं होतं, आणि दोघांची वाडी एकच होती. मी दोघांनाही अडवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केंद्रातला टेलिफोन वाजला. त्याची आणि माझी बाहेरची तार एकच. तो वाजत राहिला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्यालाही नाही, कोण हाक मारतंय ते कळत नाही म्हणून. तिसऱ्यांदा वाजला आणि मध्येच तुटला, कोणी रिसीव्हर उचलावा तसा. तारेवर खूप दुरून कोणाचा तरी धापा टाकणारा श्वास आला. मग आमच्या बाजूने एकच लहानसा आवाज गेला. मग रिसीव्हर खाली ठेवला गेला.

कुलूप उघडलं नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिसरा संगणक गप्प राहिला.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि ढोल वाजत गाव परतला. सुगंधा घरीसुद्धा न जाता केंद्रात आली. पान उघडेना. सारिकाने माझ्याकडे बघितलं, माझी बाहेरची तार उपसली आणि सरळ संगणकाला जोडली. पान लगेच उघडलं.

निरोप होता. अजय जहाजावर कोसळला होता. आतडं फुटलं होतं. डर्बनच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आता धोका टळला. खाली एक ओळ होती : शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचे घरच्यांशी फोनवर बोलणे झाले.

"आये, तुमी...?"

"मी खाडीपलीकडे होतंय गो. तुज्याच वांगडा, तुज्या बाजूक."

दोघींनी टेलिफोनकडे बघितलं. रिसीव्हरवर धूळ होती. तिच्यावर बोटांचा ठसा नव्हता.

संध्याकाळी अजयचा फोन आला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"आये, त्या दिवशी तू काय बोललंस नाय. नुसती ओ दिलंस."

सुगंधाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"डॉक्टर सही मागी होते. माजो धीर सुटललो. म्हटलंय, एकदा घराक हाक मारूया. तुजी ओ आयकली आणि सही केलंय. तूच होतंस मां?"

सुगंधाने दारातून वेशीकडे बघितलं.

"होय रे बाबा," सुगंधा म्हणाली. "मीच. आणि कोण आसतला?"

दुसऱ्या दिवशी तिने नारळ फोडला. एक वाटी वेशीवर ठेवली, दुसरी टेलिफोनपाशी. प्रितेश आला, त्याने सगळं ऐकलं. मग त्याने ती वाडी मोकळी केली आणि मला नव्याने शिकवलं : घर बघू नको, नाव विचार. परका कुठल्याही खोलीत गेला तरी त्याचं नाव तेच. ते एक नाव अडव आणि शेजाऱ्यांना जाऊ दे. त्यानंतर मी कोणा आपल्याला अडवलं नाही.

अजय पुढच्या मे महिन्यात घरी आला, पुन्हा जहाजावर गेला नाही. तो आता काजू-कोकमाचं बघतो. परशुराम पुढच्या गावपळणीआधीच गेले. प्रितेशचं कणकवलीत दुकान आहे. काही बंद करण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारतो, "थंय तुमचो कोण रवता काय?" सुगंधा म्हातारी होऊन गेली. फोन कोणी उचलला, ते तिने अजयला कधीच कळू दिलं नाही. सारिकाचं केंद्र मोबाइल आल्यावर बंद पडलं आणि मी तिथल्याच माळ्यावर आलो. पोतं तेच आहे.

मित्रांनो, परक्याला जरूर अडवा. पण दार लावण्याआधी बघा, बाहेर आपलं कोणी राहिलंय का. आणि आम्हा जुन्या पहारेकऱ्यांची धूळ अधूनमधून झटकत जा.

टेलिफोनची तार कापून कितीतरी वर्षं झाली. पण सारिकाने तो फोन जागेवरून हलवलेला नाही. गावपळणीला निघताना ती त्याची धूळ पुसते आणि कुलूप लावते. मग गाव रिकामा होतो आणि माळ्यावर, पोत्याखाली, मी ऐकत बसतो.