सहा आकड्यांपैकी तीन

बायकोचा फोन विकायचं ठरलं तेव्हा खिडकीकाकांच्या लेकीने अट घातली.

"बाबा, हा फोन तुम्हीच विकायचा. मी मध्ये पडणार नाही. नीट विकलात तर खुशाल राहा इथे एकटे. पण कोणी टोपी घातली, तर बॅग भरायची आणि आमच्याकडे राहायला यायचं. कुरकुर चालणार नाही."

"म्हणजे परीक्षाच घेतेस की माझी."

"सोपी घेतेय. गेल्या महिन्यात दारावर आलेल्या माणसाकडून तुम्ही डास पळवायचं यंत्र घेतलंत. आता त्यात डास राहतात."

काकांनी यंत्र पायाने पलंगाखाली सरकवलं. 

खिडकीकाका हे नाव त्यांना नोकरीने दिलं होतं. बत्तीस वर्षं ते बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसले. छत्र्या, डबे, पिशव्या, एकदा दातांची कवळी आणि एकदा चक्क शिडी. माणूस यायचा, म्हणायचा, माझी काळी छत्री राहिली. काका म्हणायचे, काळ्या सगळ्यांच्याच असतात, मूठ कशी होती ते सांगा. खूण मागणाऱ्याने सांगायची. खिडकीच्या आतल्या माणसाने फक्त बरोबर की चूक तेवढं म्हणायचं. कवळीवाल्याला त्यांनी ती तिथेच तोंडात बसवून दाखवायला लावली होती.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. दोन खोल्यांचं घर, आणि त्यातली प्रत्येक वस्तू तिने ठेवलेल्या जागी. साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर होता, कारण काकांच्या रक्तात साखर निघाल्यावर तिने तो तिथे नेला होता. तिथे त्यांचा हात पोचत नाही असं तिला वाटायचं. पोचायचा. पण तिला वाईट वाटू नये म्हणून ते ती घरात नसतानाच खायचे. लेकीकडे जाणं म्हणजे हे सगळं मोडायचं. ते त्यांना नको होतं.

लेकीने फोनमधलं कार्ड काढलं, सगळे फोटो आपल्या कॉम्प्युटरवर घेतले आणि फोन पुसून कोरा केला. चारशे बारा फोटो निघाले. त्यातल्या साठांमध्ये काका तोंड उघडं टाकून झोपलेले होते. आपण घोरत नाही असं ते म्हणायचे म्हणून बायकोने पुरावा जमवला होता. आवाज फोटोत येत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जाहिरात काकांनी स्वतः लिहिली. "फोन चार वर्षांचा. ओट्यावरून पडल्याने उजव्या कोपऱ्यावर चरा. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. माझ्या पत्नीइतकं बोलल्यास सकाळी अकरापर्यंतच."

पहिला फोन आला, तो माणूस म्हणाला, पैसे पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा. लेकीने बजावलं होतं की पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही, ते द्यायला लागतं. काकांनी फोन ठेवला.

दुसऱ्याने पैसे भरल्याचा फोटो पाठवला आणि फोन न्यायला माणूस येतोय म्हणाला. काका आधी बँकेत गेले, पाऊण तास रांगेत उभे राहिले, पासबुक छापून घेतलं. खात्यात दमडी आली नव्हती. घरी येऊन त्यांनी बायकोच्या फोनचा एक छान फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, "आपण पैशांचा फोटो दिलात, मी फोनचा दिला. व्यवहार पूर्ण झाला."

या उत्तरावर ते दोन दिवस खूश होते. तिथेच घात झाला.

तिसरा माणूस फार गोड बोलला. "काका, राग मानू नका, पण दिवस वाईट आहेत. फोन तुमचाच आहे हे मला कसं कळणार? चोरीचा निघाला तर मी अडकायचो."

काकांना भरून आलं. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांकडून खुणा मागितल्या, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. आज पहिल्यांदा कोणी त्यांच्याकडे खूण मागत होतं. हा माणूस आपल्या बिरादरीतला! त्यांनी सगळं सांगितलं. चरा कुठे, कव्हर कसलं, खोकं कोणत्या रंगाचं.

"झालं काका. आता शेवटची खात्री. तुमच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर आला असेल. तेवढा वाचून दाखवा, म्हणजे खातं तुमचंच आहे हे पक्कं होईल आणि मी पैसे सोडतो."

नंबर आला होता. काकांनी चष्मा लावला. मजकूर वाचत बसण्यापेक्षा थेट नंबरावर जायचं, ही अर्ज वाचून वाचून लागलेली सवय.

"चार," काका म्हणाले. "शून्य. सात."

आणि थांबले. काहीतरी उलटं चाललं होतं. आतला माणूस खूण सांगत होता आणि बाहेरचा ऐकत होता.

"पुढे, काका?"

"पुढचे तुम्ही सांगा."

"मी?"

"मागणारे तुम्ही. खूण मागणाऱ्याने सांगायची. मी बरोबर की चूक तेवढं सांगेन. तीन फुकट दिलेत, उरलेले तीन तुमचे."

"अहो, मला कसे माहीत असणार ते?"

"मग ती वस्तू तुमची नाही."

"काका, दोन मिनिटांत नंबर बाद होईल!"

"आमच्याकडे वस्तू नव्वद दिवस ठेवत."

त्याचा गोडवा आटला. "म्हातारचळ लागलाय का तुला?"

"अर्ज नामंजूर," काका म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी चष्मा पुसून पूर्ण मजकूर वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हा नंबर कोणालाही सांगू नका.  तसेच ते बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी खातं तपासलं, पैसे जागच्या जागी होते.

शेवटी फोन घेतला तो शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी. काकांनी त्यांना बँकेतच बोलावलं होतं, भर गर्दीत. बाईंनी बिल मागितलं, फोनमधला नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघितला, चरा बोटाने चाचपला. काकांना त्या पसंत पडल्या. पैसे खात्यात आल्याचं बँकेतल्या बाईंनी सांगितल्यावर काकांनी फोन दिला, आणि हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला.

रविवारी लेक आली.

"पूर्ण किमतीला विकलात! मानलं, बाबा."

तीन आकड्यांचं कोणालाच कळलं नसतं. काकांनी चहा ओतला, बशी सरकवली, आणि सांगून टाकलं.

"तीन आकडे सांगितलेत?"

"सहापैकी. पन्नास टक्के झाले. आमच्या वेळी पस्तीसला पास करत."

लेक हसली नाही. "बोलला नसतात तर मला कधी कळलं नसतं."

"खोटी नोंद मी कधी केली नाही."

ती चहाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आमच्याकडच्या तुमच्या खोलीला रंग लावून घेतलाय आम्ही. फिका हिरवा. तुमचा आवडता."

"माझा? कोण म्हणालं?"

"आई."

"तिचा आवडता. मी नुसता हो म्हणायचो."

 काकांच्या तेव्हा लक्षात आलं, की रंगवलेली खोली रिकामी पडली तर लेक रोज त्या खोलीच्या दारावरून ये-जा करणार.

लेकीने कप खाली ठेवला. "निकाल सांगते. घर तुमचं, कुलूप तुमचं. पण तीन आकडे म्हणजे आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे."

"दोन."

"तीन सांगितलेत, तीन."

"तिसरा मी जरा हळूच म्हटला होता."

"बाबा, बॅग भरा."

काकांनी पलंगाखालून बॅग ओढली, झटकली, आणि मोजून तीनच सदरे आत टाकले. मग दार लावताना पुन्हा आत जाऊन चौथाही घेतला. चहा वगैरे सांडला तर असावा, असं त्यांनी लेकीला सांगितलं.