मोरपिशी खुर्ची

आमच्या घरात कलाकार एकच, तो म्हणजे मी. हे मला मोबाईलवरच्या एका व्हिडिओने सांगितलं आणि मी ताबडतोब विश्वास ठेवला. जुन्या कपाटाला गुलाबी फासलं, तिपाईला जांभळं. नवरा म्हणाला, "छान!" वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, पण कौतुक ते कौतुक.

मग माझी वक्रदृष्टी सासऱ्यांच्या खुर्चीवर पडली. हातांची, लाकडी, बसायला दगडासारखी. गुडघे गेल्यापासून बाबा दिवसभर तिच्यातच. त्यांचा हट्ट एकच: उठताना कुणी हात द्यायचा नाही. खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा, "हं" म्हणायचं आणि उभं राहायचं. कुणी मदतीला धावलंच तर खेकसायचे, "अजून मेलो नाही मी!"

मी खुर्ची घासली, मोरपिशी रंगवली आणि परातीएवढ्या केशरी फुलांचं कापड घेऊन सोफेवाल्याकडे गेले.

"फोम किती टाकू, ताई?"

"भरपूर. आणि पाय जरा कापा, सध्या तशीच फॅशन आहे. खुर्ची कशी उठून दिसली पाहिजे!"

"दिसेल की उठून," तो म्हणाला. "बसलेला माणूस उठेल का, तेवढं बघा."

चार सोफे शिवले की लोकांना अक्कलही शिवून द्यावीशी वाटते. मी लक्षच दिलं नाही.

रविवारी नणंद आली. बाबा सकाळी दहाला नव्या खुर्चीत बसले ते बसलेच. "बाबा हलायलाच तयार नाहीत गं!" नणंद म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी फोटो काढून तीन ग्रुपवर टाकले. जेवायला बोलावलं तर बाबा म्हणाले, भूक नाही. चहा? नको. पाणी? तेही नको. मला वाटलं, फुलं बघूनच पोट भरलं असेल.

तीन वाजता नणंद गेली. दार लागल्यावर बाबा हळूच म्हणाले, "सूनबाई, जरा हात दे. केव्हाचं बाथरूमला जायचंय."

पाच तास माणूस रुतून बसला होता आणि मी फोटो काढत होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यांना हात देताना माझ्याच्याने वर बघवेना.

संध्याकाळी मी फोम उपसला, आत पुन्हा फळी ठोकली, पायांखाली ठोकळे बसवले. खुर्ची होती तेवढी उंच आणि होती तशी टणक झाली. फुलं फळीवर ताणून बसवली, ती काय कुठेही फुलतात.

दुसऱ्या दिवशी बाबा बसले. उठायची वेळ आली तेव्हा त्यांनी जोर लावलाच नाही, सरळ हात पुढे केला. "दे गं." कुणाचा हात न घेणारे बाबा! मी पटकन खुर्चीच्या मागे सरकले.

"हात रंगाने बरबटलेत, बाबा," मी मागून म्हणाले.

"मग नवऱ्याला बोलाव."

"ते दूध आणायला गेलेत."

"रंग, रंग! घराची सर्कस करून टाकलीस!" दात-ओठ खात त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अर्धे उठले, पुन्हा बसले. मला आणखी दोन शेलके शब्द ऐकवले, "हं" म्हणाले आणि उभे राहिले. मग माझा उद्धार करतच बाथरूमकडे निघाले.

मी त्यांच्या पाठीमागे दोन्ही हात पुढे करून, श्वास रोखून उभी होते. हात कोरडे ठणठणीत होते.