हिरव्या रंगातले फुफाजी

सिस्टिम ॲनालिसिस आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट या विषयात मी दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा घरात कोणाला धक्का वगैरे बसला नाही. आमच्या घरात सिस्टिम नव्हती आणि मॅनेजमेंटही नव्हतं, मग पोराने ते आणायचं कुठून, असं बाबांचं म्हणणं पडलं. पण तिसऱ्या खेपेला मामला गंभीर होता. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, की डिग्रीचा एकही विषय अडकलेला नको. माझा हा एकच अडकला होता.

विषय शिकवायच्या प्रेमलता मॅडम. अर्धे मार्क प्रोजेक्टचे, आणि ते मॅडम कागद पाहून देत नसत. एखादी खरीखुरी, चालती व्यवस्था निवडा, ती कुठे अडते ते शोधा, दुरुस्त करा आणि मला चालवून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. माझ्या जोडीला गार्गी मिळाली. ती वर्गात पहिली यायची. तिला माझ्यासोबत टाकणं हा कॉलेजच्या समाजकार्याचा भाग असावा.

"व्यवस्था कुठून आणाची बे?" गार्गीने विचारलं.

माझ्या बहिणीचं, अदितीचं लग्न महिन्यावर आलं होतं. शहराच्या टोकाला, बेसाला हॉल ठरला होता. आमच्या घराण्यातलं कोणतंच लग्न पत्रिकेतल्या मुहूर्तावर लागलेलं नाही, हे मी गार्गीला सांगितलं. तिचे डोळे चमकले. मॅडमनाही विषय आवडला. म्हणाल्या, लग्नाला मी स्वतः येते. तुमच्या आराखड्याप्रमाणे अक्षता पडताना पाहिल्या, तर पास. नाही पाहिल्या, तर पुढच्या वर्षी भेटू.

मग आम्ही मुलाखती घेतल्या. पुस्तकात लिहिलंय, की व्यवस्थेतल्या प्रत्येक माणसाला विचारावं. आम्ही मांडववाल्याला विचारलं, स्वयंपाक्याला विचारलं, मावशांना विचारलं. गुरुजी म्हणाले, उशीर मेकअपवालीमुळे होतो. मेकअपवाली म्हणाली, गुरुजींमुळे. मात्र एका नावावर सगळ्यांचं एकमत झालं. गिरिधर फुफाजी.

फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाबांना बहीण एकच, त्यामुळे घराण्याला जावईही एकच. आता लग्नात जावयाने रुसावं ही रीत आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण दुसऱ्यांचे जावई चहाच्या एका कपात विरघळतात. आमच्या फुफाजींच्या रुसण्याला खोली होती. उमरेडच्या लग्नात फेटा मिळाला नाही म्हणून ते रुसले. त्यानंतरच्या मुंजीत फेटा घट्ट बांधला म्हणून रुसले. एका बारशात कूलरची हवा पाळण्याकडे वळवली, तेव्हा ते थेट बसस्टॉपवर जाऊन बसले होते. मग बाबा हात जोडून त्यांच्याकडे जायचे, तास-दीड तास मनधरणी चालायची, आणि मगच पुढचं कार्य.

गार्गीने आराखडा काढला. भिंतीवर लावायचा मोठा तक्ता, त्यात लग्नातलं एकेक काम आणि कामांना जोडणारे बाण. जी कामं लांबली तर लग्नच थांबेल ती लाल रंगात. जी कितीही लांबली तरी काही बिघडत नाही ती हिरव्यात. 'फुफाजींचे रुसणे' हेही एक काम होतं, त्याच्यापुढे 'मनधरणी', जबाबदारी बाबांची, आणि त्यासाठी पंधरा मिनिटं. बाबांना मी बजावून ठेवलं, की पंधराच्या वर एक मिनिट लावायचं नाही.

शिवाय रुसायची कारणं आम्ही आधीच बुजवून टाकली. फेटा मापाचा. खुर्ची पंख्याखाली. कूलर खास त्यांच्या तोंडाकडे. बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास. असं करता करता फुफाजींचं रुसणं हिरव्या रंगात गेलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

लग्नाच्या सकाळी फुफाजी आले. फेटा बांधून झाला, चहा झाला, आणि मागे हात बांधून ते हॉलची पाहणी करू लागले. स्वयंपाकघराजवळ तक्ता लावला होता, तिथे थांबले. स्वतःचं नाव त्यांना लगेच सापडलं. त्यांनी गार्गीला बोलावून हिरव्याचा अर्थ विचारला. गार्गीचा एक दोष आहे. तिला प्रश्न विचारला की ती पूर्ण उत्तर देते.

"म्हणजे तुम्ही रुसले काय अन् नाही रुसले काय, लग्नाले काही फरक पडत नाही," ती म्हणाली.

मी झेंडूच्या ढिगाजवळ उभा होतो. त्यावरच बसलो.

फुफाजींनी तक्ता पुन्हा वाचला. "जिलेबी लाल आहे?"

"हाव. पाक बिघडला तर पंगत थांबते ना."

"आन मी हिरवा."

"हाव."

त्यांनी चष्मा पुसला, "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर ते रुसलेच नाहीत. खुर्च्या ओळीत लावू लागले. स्वयंपाक्याच्या तब्येतीची चौकशी केली. अक्षता वाटायचं तबक त्यांनी स्वतःहून उचललं, तेव्हा आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यांना डॉक्टरकडे न्यावं का, असं ती दोघातिघांना विचारून आली. बाबांची अवस्था सर्वात वाईट. एरवी या वेळेला ते हात जोडून उभे असायचे. आज हातांना कामच नव्हतं. ते कूलरसमोर हात जोडून थांबले होते.

इकडे आराखडा मात्र तंतोतंत चालला होता. मुहूर्त साडेअकराचा. अकरा वाजताच गुरुजी पाटावर, अदिती तयार, अंतरपाट धुतलेला. नवरदेव विक्रम आणि त्याची माणसं हजर, कारण गार्गीने त्यांना सकाळपासून इतके फोन केले होते, की ते कंटाळून आले. मी विजयी मुद्रेने हॉलकडे वळून पाहिलं.

हॉल रिकामा होता.

फोटोग्राफर होता. मुलाकडच्यांची एक रांग होती. एक गृहस्थ होते, ते चुकून शेजारच्या हॉलऐवजी आमच्याकडे आले होते, पण कूलर पाहून थांबले. बाकी तीनशे खुर्च्या एकमेकींकडे बघत होत्या.

तेव्हा मला आमची चूक कळली. नागपुरात पत्रिका आली की माणूस मुहूर्त वाचतो, त्यात दीड तास मिळवतो आणि मग आंघोळीचं पाणी ठेवतो. आमच्याकडच्या पत्रिकेवर तर पाहुणे खास फुफाजींचा वेळ धरून चालत. अदितीने ऑफिसच्या मैत्रिणीला फोन लावला, ती अजून साडी प्रेस करत होती. मी मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, साडेअकराचा आहे ना, म्हणजे मी एकपर्यंत पोचते. आज खरंच साडेअकराला लागणार आहे असं मी सांगितलं. मॅडम खूप हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी गुरुजींकडे धावलो. ते थांबायला तयार नव्हते, त्यांना पुढे सदर भागात दुसरं लग्न होतं. सगळी तयारी असताना गुरुजी थांबत नाहीत, असा त्यांचा नियम. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "कोणी रुसलं आहे का? रुसलं असेल तर थांबतो. शास्त्रात नाही, पण ते धरूनच मी पुढची वेळ देतो."

फुफाजी दाराजवळ तबक घेऊन उभे होते. मी आणि गार्गी त्यांच्यासमोर गेलो.

"फुफाजी, रुसा ना," मी म्हणालो.

"काहून?"

"लग्न थोडं थांबवाचं आहे."

"माझ्यानं थांबते का ते? मी हिरवा आहे."

गार्गी लाल मार्कर घेऊन तक्त्याकडे गेली आणि फुफाजींचा चौकोन लाल केला. फुफाजी बघायला आले. त्यांनी बाणाची चौकशी केली. गार्गीने त्यांच्या चौकोनातून थेट मंगलाष्टकांपर्यंत बाण ओढला.

"जाड कर वं पोरी."

तिने जाड केला.

"हं. आता कारण सांगा," फुफाजी म्हणाले. "बिनकारणाचा रुसाले मी येडा आहे का?"

कारण कुठून आणणार? आम्हीच सगळी बुजवली होती. पंखा हळू आहे असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मस्त फिरून राहिला म्हणाले. गार्गीने मुद्दाम साखरेचा चहा आणला. त्यांनी तो आवडीने प्यायला. गुरुजी घड्याळाकडे बघून घसा साफ करायला लागले, आणि माझी मिहानची नोकरी मला डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणाला तरी मिळताना दिसू लागली.

तेवढ्यात बाबा विक्रमला घेऊन आले. ओळख करून द्यायची राहिली होती. आधीच गोंधळलेले, त्यात हात जोडलेले. म्हणाले, "विक्रमराव, हे आमचे जुने जावई."

"जुने?" फुफाजी म्हणाले.

"जुने म्हणजे मुरलेले," बाबांनी सावरायचा प्रयत्न केला.

मुरलेलं तर लोणचं असतं. फुफाजींनी तबक बाबांच्या जोडलेल्या हातांवर ठेवलं, बाहेर गेले, विक्रमच्या फुलांनी सजवलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसले आणि काच वर केली. गुरुजींनी दुरून ते पाहिलं, समाधानाने पाटावरून उठले आणि चहा मागवला.

मग पाहुणे येऊ लागले. बाराला हॉल अर्धा भरला, साडेबाराला पूर्ण. अदितीचं ऑफिस आलं. एकला मॅडम आल्या. आता अक्षता पडायला हरकत नव्हती. फक्त फुफाजी गाडीतून बाहेर येईनात.

कारण हे रुसणं आराखड्यातलं नव्हतं, खरं होतं. थंड पाणी पाठवलं, परत आलं. थर्मास परत आला. आत्या गेली, तीही परत आली. बाबा काचेशी उभे राहिले, माझ्या सूचनेप्रमाणे घड्याळ बघत पटापट माफी मागितली आणि पंधरा मिनिटांत परतले. फुफाजींनी तोंड दुसरीकडे वळवलं. त्यातच गुरुजींनी निरोप पाठवला, की रुसण्यासाठी धरलेला दीड तास संपला आहे, यापुढे सदरचं लग्न सुरू होतं.

मॅडम तक्त्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांची मुलाखत कोणी घेतली?"

मी गार्गीकडे पाहिलं. गार्गीने माझ्याकडे. आम्ही फुफाजींबद्दल सगळ्यांना विचारलं होतं.

"मग आता घे," मॅडम मला म्हणाल्या.

मी गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. आत मोगऱ्याचा वास कोंडला होता. काय बोलावं सुचेना, म्हणून पुस्तकातला पहिला प्रश्न विचारला. सध्याच्या व्यवस्थेत तुमचं काम काय?

"मी रुसतो," फुफाजी म्हणाले.

"त्यानं काय होते?"

"तुझा बाप येते." त्यांनी सीटवर पडलेला मोगरा बाजूला सारला. "वर्षभर तो मले फोन करत नाही. बहिणीले करते, मी मागून ऐकत राहतो. पण लग्नात मी रुसलो का तो येऊन बसते. पहिले माफी मागते. मंग त्याच्या गुडघ्याचं सांगते, हापिसातलं सांगते. तुले इंजिनिअरिंगले टाकाचं आमी उमरेडले त्या फेट्याच्या वक्ती ठरवलं."

हे मला नवीन होतं. माझ्या सगळ्या नापास होण्याचा उगम त्या फेट्यात होता.

"आज आला, अन् घड्याळ पाहून राहिला. आता नवा जावई आला. तो रुसन, अन् तुझा बाप त्याच्यामागं धावन. मले कोण पुसते?"

मी खाली उतरलो. बाबांजवळ गेलो, त्यांच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि सांगितलं, की वेळेची मर्यादा उठवली आहे, पाहिजे तेवढं बसा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि जवळजवळ धावतच गेले. दार उघडून फुफाजींच्या शेजारी बसले. काच पुन्हा वर गेली.

सगळं लग्न बाहेर उभं राहून पाहत होतं. आधी बाबांचे हात जोडलेले दिसले. मग सुटले. मग त्यांनी पॅन्ट वर करून गुडघा दाखवला. फुफाजींनी तो दाबून पाहिला. कशावर तरी दोघं हसले. गुरुजींनी सदरला फोन करून सांगितलं, की इकडे एक जण रुसले आहेत. तिकडून उत्तर आलं, की आमच्याकडेही दोघे रुसलेत, सावकाश या.

विक्रमने जाऊन काचेवर टकटक केली. त्याला वाटलं असावं, नवरदेव बोलवायला गेला तर मान राहील. दार उघडलं, फुफाजी सरकले आणि त्यांनी त्यालाही आत घेतलं. आता अदितीचं लग्न एका गाडीत अडकलं होतं.

शेवटी फुफाजी उतरले, बाबा उतरले. विक्रम उतरेना. अदितीने खिडकीतून काय झालं विचारलं, तर तो म्हणाला, "माझा फेटा ढिला बांधला आहे."

फुफाजींनी अख्ख्या हॉलकडे वळून पाहिलं. "शिकून राहिला," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातांनी त्याचा फेटा आवळून त्याला बोहल्यावर घेऊन गेले. अक्षता पडल्या. मॅडमनी त्या पडताना पाहिल्या, काही त्यांच्या चष्म्यावरही पडल्या.

तोंडी परीक्षा पंगतीत झाली. मी वाढत होतो, मॅडम जेवत होत्या.

"तुझा अंदाज चुकला, वेळ चुकली, कारणही चुकलं," त्या म्हणाल्या. "जे चांगलं चालू होतं, तेच दुरुस्त करायला निघाला होतास."

"हो मॅडम."

"मुलाखत मात्र बरी घेतलीस. तुझे फुफाजी अहवालावर सही देत असतील, तर पास. जिलेबी वाढ."

मी जिलेबी वाढली आणि अहवाल घेऊन फुफाजींकडे गेलो. बाबा त्यांच्या शेजारीच जेवायला बसले होते. फुफाजींनी अहवालाकडे पाहिलंही नाही. सही अशी उष्ट्या हातानं मागते का कोणी, म्हणाले. उद्या मानेवाड्याले घरी या, बसा, चहा घ्या, मंग पाहू.

मी येतो म्हटलं.

"थांब गा," बाबा मला म्हणाले. "मी पण येतो. तुले जमणार नाही ते."