खालची रेघ

एकाहत्तर साली माझी नणंद पुष्पावती नववीत होती आणि गणितापाशी अडली होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुष्पाच्या आबांनी, ओसरीवर बसून तिला बजावलं, "गनितात पस्तीस तरी पाड. न्हाईतर बेलापूरचं स्थळ हाय, हो म्हनून टाकतो."

पुष्पाला शिकायचं होतं. बेलापूरच्या पोराला तिनं पाहिलंही नव्हतं, पण राग मात्र त्याचाच.

मी सातवीनंतर लग्न होऊन देवळाली प्रवरेत आलेली. पुढची शाळा चुलीपाशी. पुष्पा मोठ्यानं वाचायची, मी भाकरी थापत ऐकायची आणि परातीतल्या पिठात बोटानं ती लहान-मोठ्याची चिन्हं काढायची. जिकडं तोंड उघडं, ती बाजू मोठी. चिन्हाखाली रेघ असली, की बरोबरीचंही चालतं. ती रेघ मला फार आवडली. तेवढी सवलत आमच्या घरात कुणी देत नसे.

घोडं अडलं ते उण्यापाशी. दोन्ही बाजूंचं उणं काढलं, की चिन्ह उलटं फिरवायचं. पुष्पा दर वेळी विसरायची.

"पन का फिरवायचं?" ती रडकुंडीला यायची. "मास्तर म्हनत्यात, नियम हाय."

"तुझ्या आबांवानीच हायेत मग मास्तर," मी म्हणायची. कारण मलाही ठाऊक नव्हतं.

चैतात विहिरींचं पाणी खोल गेलं. शेजारच्या भागूबाई त्यांच्या दोराला जोडायला जादाचा दोर मागायला आल्या. "तुमचं बरं हाय बाई, पानी वर हाय. आमच्या हिरीला ह्यो दोर पुरंना."

मी घागर खाली ठेवली. "पुष्पे, काठ म्हंजी शून्य. आपलं पानी वीस हात खाली, उणे वीस. त्यांचं उणे तीस. वर कुनाचं?"

"आपलं."

"आन दोर कुनाचा मोठा?"

"त्यांचा..." पुष्पा थबकली. "अगं वहिनी, फिरलं की!"

"याड लागलं का काय दोघींना?" म्हणत भागूबाई दोर घेऊन गेल्या.

निकाल लागला. गणितात पस्तीस. ना एक वर, ना एक खाली.

"काठावरच की," मामंजी खुंटीवरचा फेटा काढत म्हणाले. "ह्याला काय पास म्हनायचं? जातो बेलापूरला."

मामंजींपुढं मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. दाराआडून, पदर सावरत मी म्हणाले, "मामंजी, तुमी पस्तीस तरी म्हनाला हुता. पस्तिसाच्या वरच पायजेत, आसं न्हाई म्हनाला."

"मंग?"

"मंग खाली रेघ हाय. बरोबरीचं चालतं."

रेघ त्यांना कळली नाही. दिलेला शब्द मात्र आठवला.

"सूनबाई, ही वकिली कुटं शिकलीस?"

"चुलीपाशी."

फेटा परत खुंटीवर गेला.

आत आल्यावर पुष्पा म्हणाली, "वहिनी, तू परीक्षेला बसली असतीस तर साठ पडले असते."

"मंग भाकरी कुनी थापल्या असत्या?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी परात तिनं ओढून घेतली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या भाकरी एकीकडं जाड, एकीकडं बारीक व्हायच्या. घरात सगळे कुरकुरले. मी कधी कुरकुरले नाही.