धवल्याचा डबा

पॅड दाबलं की ते उजळत होतं, पडद्यावरची रेघ मुकाट पुढे सरकत होती, आणि आवाज मात्र येत नव्हता. नितीनने वायर काढून परत लावली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मग ढोलकीचं पॅड दाबून पाहिलं, तर ढोलकी अशी दणाणली की मांडवातल्या बायका दचकून बघायला लागल्या. म्हणजे स्पीकर ठीक, वायर ठीक, डबाही ठीक. नव्हता तो फक्त आईचा आवाज.

आणि आई तर समोरच बसली होती. नवं हिरवं लुगडं, केसांत अबोली आणि गळ्यातलं भोक झाकायला बांधलेला पांढरा रुमाल. तिने नितीनकडे बघून भुवया उडवल्या. कधी लावतोस?

नितीनची आई वेणूबाई म्हणजे धवलारीण, हळदीला धवला हे लग्नगीत म्हणणारी. बदलापूरपासून वांगणीपर्यंत आगऱ्यांच्या घरची हळद तिने धवला धरल्याशिवाय लागत नसे. ती एक ओळ म्हणायची, मागे बसलेल्या बायका तीच ओळ तशीच ओढून म्हणायच्या, आणि तेवढ्यात एकेक सवाष्ण पुढे होऊन हळद लावायची. चाळीस वर्षं हेच. कोणाकोणाच्या पोरींना तिने हळदीला बसवलं, त्याची गणती नाही. आणि स्वतःच्या प्रगतीचं लग्न ठरलं, तर हिच्या घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज जाईल. वेणूबाई जिवासाठी रडली नाही हो. ती म्हणाली, "माझ्या पोरीला धवला कोण बोलंल?"

नितीन दिवसा अंबरनाथला एमआयडीसीत कामाला, आणि लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांत हा डबा वाजवायचा. सोळा पॅडांचा चौकोनी डबा, लॅपटॉपशिवाय एकटा वाजणारा, म्हणून घरात त्याला नावही डबाच पडलेलं. तो म्हणाला, "आये, तुझा आवाज मी ठेवतो."

नुसतं रेकॉर्डिंग करून भागलं नसतं. बायका किती आल्या, कोण रेंगाळलं, त्याप्रमाणे धवलारीण ओळ लांबवते, आवरते, मध्येच मामाचं नाव घालते, काकीचं घालते. म्हणून नितीनने उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या प्रीतमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून थोड्या दिवसांसाठी एक लॅपटॉप मागून आणला. आईची एकेक ओळ, एकेक नाव वेगळं कापून त्या लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. लॅपटॉप डब्याला जोडला की पॅड दाबावं आणि आईने गावं. आईचंच वाद्य करून टाकलं पोराने! ऑपरेशनला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत दुखऱ्या घशाने ती बाई रोज गात होती.

पण तिची एक अट होती. मांडव नसताना धवला बोलायचा नाही. तिने तो नियम जन्मात मोडला नव्हता. रेकॉर्डिंगच्या वेळी नितीनला खोलीत चार खुर्च्या मांडून त्यांना आंब्याचे डहाळे बांधावे लागले, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. आणि शेवटच्या दिवशी तिने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "हे आता प्रगतीच्या हळदीलाच वाजंल. आधी कोणालाच ऐकवायचं नाय. तू पण ऐकायचं नाय. घे शपथ."

त्याने घेतली, आणि पाळली. तिथेच घात झाला.

मांडवामागे जाऊन त्याने प्रीतमला फोन लावला.

"प्रीतम, तो लॅपटॉप घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. रिक्षा कर, काय पण कर."

"कौनसा रे?"

"ज्यावर आईचा आवाज केला तो!"

"नित्या, तो मार्चमध्येच फॉरमॅट मारून गिऱ्हाइकाला दिला ना. तुला विचारलं होतं भाई. तू बोलला, सब कार्ड पे है."

बोलला होता. खरंच बोलला होता. डब्याच्या मेमरी कार्डावर सगळं दिसत होतं ना! कुठली ओळ कुठल्या पॅडवर, किती लांब, किती जोरात, सगळं. पण आवाज डब्यात आलाच नव्हता. तो लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि लॅपटॉप सुटल्यावर डब्याकडे उरली ती नुसती नावं. आवाज डब्यात उतरवून घेणं पाच मिनिटांचं काम होतं. एकदा, फक्त एकदा लॅपटॉप काढून वाजवून बघितलं असतं, तरी कळलं असतं. पण शपथ होती.

आठ दिवसांचं ते गाणं, ते खोकत खोकत पुन्हा म्हणणं, सगळं कोणा गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमधून पुसलं गेलं होतं. जमिनीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. लाइट गेली म्हणून सांगू? डबा बिघडला सांगू? आणि उद्या? परवा? ती तर जन्मभर भुवया उडवून विचारणार.

"नितू, लाव ना रं!" चंद्री आत्या ओरडली. वेणूबाईच्या मागे झील धरणाऱ्या बायकांत ही पहिली. "पोर कवाची पाटावर बसलीय! हळद सुकून चालली!"

तो आत आला आणि वेड्यासारखा एकेक पॅड दाबत सुटला. आईचे सगळे पॅड मुके. ढोलकीचे वाजले, ताशाचे वाजले. ताशाच्या यादीत शेवटी, तेराव्या पॅडवर, काहीतरी वेगळंच होतं. त्याने ते दाबलं.

"नितू, चालू झाला का रं?"

सगळा मांडव डब्याकडे वळला. वेणूबाईचा आवाज. धडधाकट, जरासा खरखरीत, तिचाच. पहिल्या दिवशी लॅपटॉप जोडण्याआधी त्याने माइक थेट डब्यातच तपासला होता. तेव्हा ती सहज बोलली होती. ते पुसायचं राहून गेलं होतं.

वेणूबाईचा चेहरा असा फुलला, असा फुलला की नितीनला बघवेना. तिने पदर सावरला, धवला धरताना करायची तसा उजवा हात वर केला, आणि पहिल्या ओळीची वाट बघू लागली.

ओळ आली नाही. हात तसाच वर होता.

नितीन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आये, एवढंच हाय. बाकी सगळं गेलं. मी घालवलं, आये. मीच."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हात हळूहळू खाली आला. तिने तोंड उघडलं, पण नुसती रुमालाखालून हवा फसफसली. पाटावर प्रगती हुंदके देत होती. नितीनला वाटलं, आईने एक थोबाडीत मारावी. तिने मारली नाही. ती उठली, डब्यापाशी गेली आणि एका बोटाने तेरावं पॅड दाबलं.

"नितू, चालू झाला का रं?"

आता चंद्रीला काय वाटलं कोण जाणे. चाळीस वर्षांची सवय ती. वेणूबाईने बोलायचं आणि हिने मागून ओढायचं. तिने डोळे मिटले आणि तेच शब्द धवल्याच्या चालीवर धरले, "नितूऽ, चालू झालाऽ का रंऽ..." मागच्या बायकांनी उचलले. कोणी हसलं नाही. पहिली सवाष्ण पुढे झाली आणि तिने प्रगतीच्या गालाला हळद लावली.

वेणूबाईने पुन्हा दाबलं. बायकांनी पुन्हा म्हटलं. कोणी रेंगाळली की ती थांबायची, कोणी घाई केली की लगेच दाबायची, अगदी पूर्वीसारखी. त्या पाच शब्दांवर प्रगतीला सगळी हळद लागली.

बायका थांबल्या, तरी ती थांबली नाही. बोट पॅडवरून हलेना. नितीन तिच्या पायाशीच बसून होता. डबा विचारत राहिला, आणि दर वेळी तो खाली मान घालून म्हणत राहिला, "झाला, आये. झाला."