शाळेमागची निम्मी बोडी

मी बोडी बोलतेय. भंडारा जिल्ह्यातले मोठे तलाव सगळ्यांना ठाऊक असतात. माझ्यासारख्या लहान तळ्यांना कोण विचारतं? लाखांदूरकडच्या एका गावात, शाळेच्या मागे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतांच्या, वरच्या अंगाला मी पसरलेली आहे. पसरलेली म्हणायचं ते आता सवयीनं. खरं तर मी निम्मीच उरलेय.

मला या गावच्याच लोकांनी खोदलं. माती उपसून पाळ घातली आणि वरच्या माळावरून येणारं पाणी माझ्यात थांबवलं. तेव्हापासून मी बांध्या भिजवल्या, म्हशींना डुंबू दिलं, शिंगाडे पिकवले. माणसांची एक गंमत मी बघत आलेय. मी भरलेली असले की सगळे पाळीवर गप्पा मारायला येतात, आटले की कचरा टाकायला येतात. तरी माझी कधी तक्रार नव्हती.

शाळेच्या जुन्या खोल्या गळत होत्या. पोरं दप्तरं डोक्यावर धरून बसायची, ते मला इथून दिसायचं. मग नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या आणि जागा शोधताना सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. भर उन्हाळा होता, माझा तळ उघडा पडला होता. "ही तर पडीकच जागा आहे," सरपंच तुलाराम म्हणाला.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. सगळ्यांनी माना हलवल्या. एकट्या चंद्रकलाबाई उठून उभ्या राहिल्या. केस पिकलेल्या, शेतावर राबणाऱ्या बाई. त्याही याच शाळेत शिकल्या आणि आता त्यांची नात गुड्डी तिथंच जाते.

"बोडी बुजवली तर वरचं पाणी जाईन कुठं?" त्या म्हणाल्या. "सरळ टोलीतल्या घरात शिरन." टोली म्हणजे माझ्या खालच्या अंगाची छोटी वस्ती.

"काकू, तुमची बांधी बोडीखाली आहे, म्हणून बोलून राहिल्या तुम्ही," तुलाराम म्हणाला.

"आहे ना. खोटं काहून बोलू? पण टोलीत माझं घर नाही, तरी बोलून राहिली."

"म्हणजे लेकरांची शाळा नको तुमाले?"

झालं. त्यानंतर पाण्याचं कोणी नावच काढलं नाही. मुख्याध्यापक कैलाश सर खाली मान घालून बसले होते. पाणी कुठून कसं येतं ते त्यांनी दर पावसाळ्यात पाहिलं होतं. पण त्यांना खोल्या हव्या होत्या, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मग मुरमाचे टिप्पर आले. एकेका टिप्परखाली माझा एकेक कोपरा दबत गेला.

काम थांबवा असा अर्ज घेऊन चंद्रकलाबाई एसटीनं तहसीलला जाऊ लागल्या. कधी तहसीलदार साहेब दौऱ्यावर, कधी बैठकीत. परतताना थोडा वेळ पाळीवर टेकायच्या, चप्पल काढून पाय चोळायच्या. एकदा सून रुपा त्यांना शोधत आली.

"आई, पोरी गुड्डीले म्हणतात, तुझी आजी शाळा बंद पाडून राहिली. काल जेवली नाही ती. पुरे करा ना आता."

बाई चप्पल घालून तिच्यासोबत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीत बसल्या. जाताना मात्र पदरानं डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आषाढात माळावरचं पाणी आलं, मुरमाच्या ढिगाला अडलं आणि टोलीकडे वळलं. तिथल्या ताराबाईच्या घरात चुलीपर्यंत पाणी चढलं, धानाचं बियाणं भिजलं. तेव्हा कुठे साहेब आले. पाळीवर उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि कामाला स्थगिती दिली. दुसरी जागा सुचवा म्हणाले.

गावाचं दुसऱ्या जागेवर एकमत होईना. ज्याच्या जागेचं नाव निघे तो हात जोडून मोकळा होई. भांडता भांडता मुदत संपली, मंजुरी रद्द झाली. जुन्या खोल्या बसण्याजोग्या उरल्या नाहीत, म्हणून आता सगळे वर्ग समाजमंदिरात एकत्र बसतात. एकीकडे पाढे, दुसरीकडे कविता, कोणाला काहीच ऐकू येत नाही. ज्या ताराबाईच्या घरासाठी काम थांबलं, तिची पोरगीही तिथंच बसते. ताराबाईही आता चंद्रकलाबाई दिसल्या की वाट बदलते.

परवा शाळा सुटल्यावर कैलाश सर पाळीवर आले आणि बाईंपासून जरा दूर बसले.

"मले शाळा नको नव्हती, सर."

"माहीत आहे मला."

"मग सभेत काहून नाही सांगितलं?"

सरांनी पाळीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"तुम्ही एक शब्द बोलले असते तर लोकायनं तवाच दुसरी जागा पाहिली असती," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आता ना बोडी धड, ना शाळा."

सर उठले. कपड्यांची माती झटकली आणि चालते झाले.

माझ्यातला मुरूम कोणी काढला नाही. त्यावर आता तरोट्याचं रान माजलंय. उरलेल्या निम्म्या अंगात जेवढं मावेल तेवढं पाणी मी धरते. बाकीचं टोलीकडे जातं, ते मला थांबवता येत नाही. मलाही आता थकायला होतं.

माझ्यासाठी काही मागत नाही. पोरांच्या खोल्यांसाठी मात्र कुणी तरी जागा द्या. आणि कधी या वाटेनं आलात, तर पाळीवर एकट्या बसलेल्या बाईंशी दोन शब्द बोला. मी रोज त्यांच्या पायाशी असते, पण माझं बोलणं त्यांना ऐकू जात नाही.